पाण्याचा पिंजरा

आकाराम ज्या खोलीत काम करायचा तिथं मोठ्यानं बोलायला बंदी होती. कोल्हापूरच्या माणसाला याहून मोठी शिक्षा कळंब्याच्या तुरुंगातसुद्धा देत नसतील. फार्मसी कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडच्या पलीकडं जाड दाराची ती खोली. आत थंडगार हवा, उजेड-अंधाराचे तास ठरवणारं घड्याळ आणि फळ्यांवर ओळीनं मांडलेले प्लास्टिकचे पिंजरे. पिंजऱ्यांत पांढरी, लाल डोळ्यांची उंदरं. औषधं तपासायला आणलेली. त्यांना खायला घालायचं, खालचा तूस बदलायचा, पिंजरे धुवायचे, हे आकारामचं काम. बावीस वर्षं तो ते करत होता. कॉलेजात शिपायापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना मुलं मामा म्हणतात, तशी यालाही म्हणायची. मामा म्हणून हाक मारायची, काम सांगायचं आणि निघून जायचं, एवढंच ते नातं.

घर उचगावात, दीड खोलीचं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्या घरात त्याची बायको विठाबाई होती. मग पुण्यात त्यांच्या आदर्शला मुलगा झाला. आदर्श गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "आईला सहा महिने नेतो." "ने की," आकाराम म्हणाला. मोठा दिलदार! विठाबाई गाडीत बसताना दोनदा मागं वळून बघत होती, पण हा टायरात हवा किती आहे ते बघत उभा राहिला. सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. सून नोकरीला जाते, पोर आजीपाशी असतं, यात चूक तरी कुणाची काढायची? रोज संध्याकाळी विठाबाईचा फोन यायचा.

"जेवलासा?"

"जेवलो."

"बरं हाय न्हवं?"

"झकास हाय."

झकास कसलं डोंबल! एकदा केलेली आमटी दोन दिवस पुरायची. टीव्ही लावला की घरात माणसांचा आवाज भरायचा, पण त्यातलं कुणी याच्याशी बोलत नव्हतं. तो फोन सोडला, तर संध्याकाळी मिटलेलं तोंड दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या फाटकावरच उघडायचं. घरात आपल्याला कुणी हात लावत नाही, हे त्याच्या एकदा दाढी करून घेताना ध्यानात आलं. न्हाव्यानं हनुवटी धरून मान वळवली, तर याच्या डोळ्यांत पाणी आलं. साबण गेला म्हणून त्यानं वेळ मारून नेली.

म्हणून तो उंदरांशी बोलायचा. हळू आवाजात. बंदी मोठ्यानं बोलायला होती, हळू बोलायला नव्हती.

त्या साली खोलीत सदफ मुल्लाचं काम चाललं होतं. पीएच.डी. करणारी पोरगी, अंगानं काडी आणि जिभेनं मिरची. तिचा विषय होता ब्राह्मी म्हणून ओळखला जाणारा गोल पानांचा पाला. पावसाळ्यात राधानगरीकडं भाताच्या बांधांवर तो रग्गड उगवतो. आकारामचं गाव तिकडंच. सदफला ताजा पाला मिळेना, तेव्हा हाच दोन पोती भरून एसटीनं घेऊन आला होता. तिनं तो सावलीत वाळवला, कुटला, त्याचा अर्क काढला. रंग काळपट हिरवा, वास ओल्या गवतासारखा.

"ह्यानं हुतंय तरी काय?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"मामा, मेंदूत एक रसायन असतंय. डोकं लई पळाय लागलं की ते लगाम खेचतंय. ज्यांचा जीव सारखा घाबरा असतोय, त्यांचा लगाम ढिला पडलेला असतोय. तुमच्या पाल्यानं तो आवळला जातोय काय, ते मला बघायचंय."

"आनि आवळला तर?"

"तर मला डॉक्टर म्हणतील की!"

काम असं चालायचं. तीन पिंजरे, प्रत्येकात आठ उंदरं. रोज दहा वाजता सदफ येणार आणि एकेक उंदीर धरून त्याच्या घशात बारीक नळीनं डोस सोडणार. एका पिंजऱ्याला अर्क, एकाला डॉक्टर लोक देतात ती घबराटीवरची गोळी, आणि एकाला नुसतं गोंदाचं पाणी. असं एकवीस दिवस. शेवटी प्रत्येक उंदराला उंचावरच्या एका लाकडी चौफुलीवर सोडायचं. चौफुलीच्या दोन वाटांना भिंती, दोन वाटा उघड्या. भित्रं उंदीर भिंतीच्या आडोशाला बसून राहतं, ज्याचा जीव शांत आहे ते उघड्यावर फिरून येतं. पाच मिनिटांतले किती सेकंद ते उघड्यावर होतं, ते मोजायचं. पाण्याच्या पिंजऱ्यातली उंदरं घाबरट राहणार आणि अर्काची धीट होणार, म्हणजे पाला लागू पडला.

आता आकारामचं ऐका. गावाकडं हा माणूस लग्नाकार्यातला नावाजलेला वाढपी. नोकरीला लागल्यावरही जत्रेला, बारशाला हातात बादली घेऊन पंगतीत उतरायचा. आणि वाढप्याचा पहिला धर्म काय? एकाच पंगतीत बसलेल्या दोघांच्या ताटांत दुजाभाव करायचा नाही. पाटलाच्या पानात जेवढं, तेवढंच गड्याच्या पानात. इथं मात्र रोज त्याच्या डोळ्यांदेखत उलटंच चाललेलं. नळी तिन्ही पिंजऱ्यांच्या घशात जाते, चीं चीं तिघंही करतात, पण दोघांना औषध आणि तिसऱ्याच्या नशिबी नुसतं पाणी! यांनी कुणाचं काय घोडं मारलंय?

ते त्याला बघवेना. मग त्यानं आपल्या परीनं वाटणी सारखी केली. तो आठ वाजताच यायचा. सदफ यायच्या आधी पाण्याच्या पिंजऱ्यातलं एकेक उंदीर दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायचा. शेपटीला धरून उचलायची इथली रीत, ती त्यानं कधी पाळली नाही. ओंजळीत घेऊन अंगठ्यानं कपाळावरून हळूहळू हात फिरवायचा आणि बोलायचा. "काल आमटीत मीठ इसरलो बघ. विठा असती तर ताट सरकवून उठली असती." उंदीर आधी थरथरायचं, मग पाय पोटाशी घ्यायचं, मग डोळे अर्धे मिटायचं. प्रत्येकाला दहा मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात तर झाकण काढलं की आठही जणं पुढं येऊन हातावर चढायला लागली. यातलं सगळंच काही त्यांच्यासाठी नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. तळहातात इवलासा जीव धडधडत असायचा आणि याला सकाळ गोड लागायची.

एकविसाव्या दिवशी सदफनं चौफुली मांडली. दुसऱ्या दिवशी आकाराम पिंजरे धुवायला घेऊन निघाला, तर ती मागच्या पायरीवर डोकं धरून बसलेली.

"काय झालं, पोरी?"

"तुमचा पाला फुकट गेला, मामा."

"म्हंजे?"

"म्हंजे काय करतच न्हाई तो. पाण्याच्या उंदरांनी पंचवीस-तीस सेकंद उघड्यावर जायला पायजे होतं, तर ती नव्वद-नव्वद सेकंद फिरायला लागलीत. अर्काची बी तेवढीच. फरकच न्हाई! सर म्हणाले, दुसरी वनस्पती बघ. तीन वर्षं पाण्यात." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "नुसतं पाणी पिऊन उंदीर शांत कसं हुईल, तुम्हीच सांगा."

 हातातल्या पिंजऱ्यांकडं बघत आकाराम काहीतरी पुटपुटला आणि नळाकडं गेला. इतक्यात तिचे मार्गदर्शक अमरसिंह सर तिकडून आले. उंच, चष्मेवाले, घाईतला माणूस. "मामा," ते म्हणाले, "मला शंका येतेय, कुणीतरी आत जाऊन पिंजऱ्यांना हात लावतंय. आपण एकदा पुन्हा करून बघू. पण दारावर तुम्ही लक्ष ठेवायचं. तुमच्याशिवाय माशी आत जाता कामा नये." चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या! आकारामनं मान डोलावली.

 सांगावं तर सकाळचे ते दोन तास गेले. परत ओंजळ नाही, बोलणं नाही, राहिली फक्त दीड खोली. न सांगावं तर पोरीची तीन वर्षं बुडाली, आणि कुणाला कळणारही नाही. उचगावच्या घरात आमटी गरम करताना त्यानं दोन्ही बाजूंनी हिशेब करून पाहिला आणि आमटी करपवली. संध्याकाळचा फोन आला. "बरं हाय न्हवं?" "झकास हाय," तो म्हणाला.

सकाळी सदफ आली ती सरळ त्याच्यापुढ्यात, कारण तो दारातच उभा होता.

"पाला चांगला हाय," तो म्हणाला. "खोट माझी हाय."

त्यानं सगळं सांगितलं. पंगतीचं, ओंजळीचं, दहा मिनिटांचं. सदफ ऐकत गेली आणि तिचा चेहरा लालबुंद झाला.

"मामा, बावीस वर्षं तुम्ही हितं काम करताय! पाण्याचा पिंजरा कशाला असतोय, एवढं बी म्हाईत न्हाई? त्यांना काहीच मिळायचं नसतंय! काहीच न मिळाल्यावर जीव कसा हुतोय, तेच बघायचं असतंय!"

"आता कळलं," आकाराम म्हणाला. ते त्याला अगदी नीट कळलं होतं.

तिनं सरांना सांगितलं. सर ओरडले नाहीत, पण नव्या तुकडीला नवे नियम आले. आकारामनं हातमोजे घालायचे, तोंडाला मास्क लावायचा. उंदीर हलवायचं तर प्लास्टिकच्या नळकांड्यातून हलवायचं. ओंजळ बंद आणि अवाक्षर बोलायचं नाही. नवी उंदरं त्याला ओळखत नव्हती. झाकण उघडलं की ती कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढायची. एकवीस दिवस तो पिंजरे धूत राहिला. इतके लांब तीन आठवडे त्यानं उभ्या जन्मात काढले नव्हते. एकदा नकळत त्याच्या तोंडून "काय रं..." निघालं आणि त्यानं स्वतःच जीभ चावली.

आणि पाला लागू पडला. सदफ कागद नाचवत धावत आली. पाण्याची उंदरं सत्तावीस सेकंद, अर्काची पंच्याण्णव. "मामा, तुमच्या बांधानं तारलं!" मग ती जरा थांबली, पिशवीतून जुना कागद काढला आणि दोन्ही कागद त्याच्यापुढं शेजारी शेजारी धरले.

"हे बघा. हा आत्ताचा अर्काचा आकडा. आनि हा आधीचा, नुसत्या पाण्याच्या पिंजऱ्याचा. तुम्ही ओंजळीत घेतलेला. दोन्ही जवळजवळ सारखे हायत. जे काम अर्कानं केलं ते तुमच्या हातानं बी केलंतं."

 आकारामनं हात विजारीला पुसले.

अमरसिंह सर घाईतले असले तरी आंधळे नव्हते. त्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी काढली आणि सदफच्या कामाला एक चौथा पिंजरा जोडला. औषध काही नाही, नुसतं पाणी आणि रोज दहा मिनिटं हात. नोंदवहीत तसं लिहिलं गेलं आणि हात लावणाऱ्याच्या रकान्यात आकारामचं नाव पडलं. चोरून केलं ते आता सरकारी झालं! आकारामनं केस कापून घेतले. पहाटे उठून कडक इस्त्रीचा शर्ट घालून, जणू मुलगी बघायलाच निघाल्यासारखा तो कॉलेजला यायचा. हात कोपरापर्यंत धुवायचा, स्टुलावर बसायचा आणि पहिलं उंदीर ओंजळीत घ्यायचा.

ते एकवीस दिवस सुखाचे गेले. सुख म्हणायला लाजायचं कशाला? तो त्यांना सगळं सांगायचा. नातवाला पहिला दात आला तेव्हा आपण फोनवर फक्त "बरं झालं" म्हणालो, ते. विठा गाडीत बसताना आपण टायर बघत होतो, ते. आठांतल्या एकाचा कान जरासा मुडपलेला होता, ते बाहीतून वर चढून कोपरापाशी झोपायचं. त्याला बाहेर काढायला आणखी पाच मिनिटं लागायची, आणि नोंदवहीत मात्र तो दहाच मिनिटं लिहायचा.

शेवट काय असतो हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. प्रयोग संपला की मेंदू तपासायचा असतो, आणि मेंदू काही उंदीर जिवंत ठेवून हातात येत नाही. बावीस वर्षं त्या दिवशी आकाराम सायकल स्टँड झाडायला जायचा. या वेळीही त्यानं खराटा हातात घेतला होता. तेवढ्यात सर आले.

"मामा, आज तुम्हाला आत थांबावं लागेल. शेवटच्या क्षणी उंदीर घाबरलं तर मेंदूतलं ते रसायन बदलतं आणि सगळे आकडे खोटे पडतात. ती तुमच्या हातात शांत असतात. शेजारच्या खोलीपर्यंत तुम्हीच एकेक आणून द्या."

नाही म्हणता आलं असतं. त्यानं खराटा भिंतीला टेकवून ठेवला.

झाकण उघडलं तशी ती पुढं आली. रोजच्यासारखी. त्यानं पहिलं ओंजळीत घेतलं, अंगठा कपाळावर ठेवला, आणि मधला बोळ ओलांडला. तिथं काचेची एक पेटी होती. त्यात वायू सोडलेला होता आणि त्यानं झोप लागायची. उंदीर थरथरलंही नाही. मग दुसरं. मग तिसरं. बोळ पंधरा पावलांचा होता आणि प्रत्येक वेळी परत येताना त्याची ओंजळ मिटायची विसरून तशीच राहायची. मुडपलेल्या कानाचं शेवटी राहिलं, कारण ते बाहीत शिरून बसलं होतं. सदफनं हात पुढं केला तर ते आणखी वर गेलं.

"तुम्हीच ठेवा, मामा," ती म्हणाली. 

त्यानं बाहीत बोट घातलं. ते बोटावर आलं. त्यानं ते पेटीत ठेवलं.

सदफ तिच्या कामाला लागली. आकाराम रिकामा पिंजरा घेऊन बाहेर नळावर आला आणि धूत बसला. तूस झाडला, साबण लावला, पुन्हा साबण लावला. अर्ध्या-पाऊण तासानं सदफ बाहेर येऊन पायरीवर बसली.

"मेंदू सगळे चांगले निघाले. एक बी घाबरलं न्हवतं. आठच्या आठ."

"व्हय." त्यानं पिंजरा उपडा घातला. मग पाठ तिच्याकडंच ठेवून तो म्हणाला, "पोरी, त्यातलं एक ठेवलं असतंस तर चाललं नसतं काय?"

 "प्रयोगाला आठच लागतात, मामा. पण आपण धा मागवलीती. त्याच तुकडीतली दोन जादा होती. काल दुसऱ्या कॉलेजला दिली. तुम्ही परवा जरी बोलला असता तरी सरांनी एक काय, दोन्ही ठेवली असती. न्हाई कशाला म्हणतील?" ती कळवळून म्हणाली, "मागायचं की वो तुम्ही!"

आकारामनं नळ बंद केला. हात पुसले. मग तो सायकल स्टँडच्या मागं गेला, जिथं दुपारचं कुणी नसतं, आणि त्यानं खिशातून फोन काढला. तीन वर्षांत फोन तिकडूनच यायचा, इकडून कधी गेला नव्हता, त्यामुळं नाव शोधायलाच वेळ लागला.

"काय झालं वो?" विठाबाईचा आवाज घाबरलेला. "ह्या येळेला? बरं न्हाय काय?"

"बरा हाय." तो थांबला. झकास हा शब्द तोंडाशी आला होता, तो त्यानं गिळला. "विठा, तू ये. मला हितं एकट्याला करमत न्हाय. लई दिस झालं, करमत न्हाय."

 फोन कट झाला की काय म्हणून त्यानं बघितलं. सेकंद पुढं सरकत होते.

"तीन वर्सं झाली," ती शेवटी म्हणाली. अगदी हळू आवाजात बोलत होती. "गाडीत बसल्यापासनं वाट बघतेय मी, तुम्ही कवा म्हणतासा म्हणून. तवाच म्हणायचं की वो. आता ह्ये पोरगं माझा हात अंगावर असल्याबिगर झोपतच न्हाय. आईकडं ऱ्हात न्हाय, बापाकडं ऱ्हात न्हाय. जरा हात उचलला की दचकून उठतंय. आत्ताच डोळा लागलाय त्याचा, म्हणून हळू बोलाय लागलेय."

"हात हाय न्हवं त्याच्या अंगावर?"

"हाय."

"मग उचलू नगंस," आकाराम म्हणाला. "ऱ्हाऊ दे तितंच."